प्राणवायू नसेल तर श्वास कशाचा?

कर्दम (धागाकर्ता)

माझ्या खिडकीत काचेची एक उंच बरणी आहे. तळ्याकाठचा काळपट गाळ, त्यात कालवलेले कागदाचे कपटे, एका अंड्याचा बलक, चमचाभर प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वर चार बोटं तळ्याचंच पाणी. झाकण सैलसर लावलं आणि उजेडात ठेवून दिली. पहिले दोन-तीन आठवडे ती नुसती चिखलाची बरणी होती. मग तळाशी काळं दाटायला लागलं. काळ्याच्या वर शेवाळी हिरवा पट्टा उमटला, त्याच्या वर जांभळट तांबूस, आणि पाण्यालगत गंजाचा रंग. आज सातवा महिना. खिडकीतल्या उजेडाशिवाय तिला मी काहीही दिलेलं नाही.

ही युक्ती सर्गेई विनोग्राडस्की यांची, १८८० च्या दशकातली. पण मला बोलायचं आहे ते तळाच्या काळ्या थराबद्दल. तिथे प्राणवायू पोचतच नाही, तरी तिथले जीव श्वसन करतात. नुसते तग धरून आहेत असं नाही. आपल्या पेशींतल्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकाँड्रियांमध्ये) जे चालतं, त्याच पद्धतीचं श्वसन. फक्त ऑक्सिजनच्या जागी त्यांच्याकडे सल्फेट आहे. आपण पाणी तयार करतो, ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. ते गाळातल्या लोहाला भेटलं की काळं लोह सल्फाइड होतं. तो काळा रंग म्हणजे त्यांचा उच्छ्वास.

मराठीत एक चांगली सोय आहे. श्वासोच्छ्वास आणि श्वसन हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. छातीचा भाता चालतो तो श्वासोच्छ्वास; पेशीच्या आत अन्नातली ऊर्जा मोकळी होते ते श्वसन. गोंधळ करतो तो ‘प्राणवायू’ हा शब्द, कारण तो प्राण त्या वायूतच नेऊन ठेवतो. खरं तर प्राण असलाच तर तो उतारात आहे.

उतार कसला? अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन पेशीला कुठेतरी नेऊन ठेवावे लागतात. ठेवण्याची जागा जितकी ‘खाली’, तितकं पाटाच्या पाण्यासारखं त्यांच्याकडून वाटेत काम करून घेता येतं. त्या कामावर पेशी आपल्या पटलाच्या, म्हणजे पातळ पडद्याच्या, एका बाजूला प्रोटॉन साठवते. ते प्रोटॉन परत येताना एक खरोखरचं फिरणारं रेण्वीय चक्र फिरवतात आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार होतो. पीटर मिचेल यांनी ही प्रोटॉनची कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा फार थोड्यांना ती पटली. १९७८ मध्ये त्यांना त्यासाठीच नोबेल मिळालं. या सगळ्या यंत्रणेत शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारणारा ऑक्सिजनच हवा, अशी अट कुठेही नाही.

उतार व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या पेशीत इलेक्ट्रॉन घेऊन येणारा एनएडीएच साधारण उणे ०.३२ व्होल्टवर उभा असतो, ऑक्सिजन अधिक ०.८२ वर. म्हणजे १.१४ व्होल्टचा धबधबा. नायट्रेटपासून नायट्रोजन वायूपर्यंत गेलं तर अधिक ०.७४, जवळजवळ तितकाच. मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं मध्ये कुठेतरी. सल्फेट मात्र उणे ०.२२, म्हणजे पाव इंचाची पायरी म्हणावी इतकाच उतार. माझ्या बरणीतले तळाचे जीव त्या पायरीवर जगतात.

इथे कल्पित जीवांवरही बोलू. सिलिकॉनचे, क्लोरीनमध्ये जगणारे, टायटनवरचे, सगळे. माझा आग्रह एकच आहे: जीव कसा दिसतो हे ठरवण्याआधी तो इलेक्ट्रॉन कुठे ठेवतो ते विचारा. तेवढं ठरलं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

पाटी_पेन्सिल

फार सुंदर लिहिलंय. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एक शंका: आमच्याकडे ‘विनॉक्सिश्वसन’ म्हणजे यीस्टचं किण्वन असंच शिकवलं जातं. तुमचे सल्फेटवाले जीवाणूही त्यातच धरायचे का?

कर्दम

मनापासून सांगतो, याच ठिकाणी मुलांचं सर्वात जास्त नुकसान होतं. किण्वनात बाहेरचा स्वीकारणारा नसतो. ग्लुकोजचे दोन तुकडे झाले, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन ठेवायला जागा नाही, म्हणून ते त्याच तुकड्यांवर परत चढवायचे आणि अल्कोहोल किंवा लॅक्टिक आम्ल म्हणून बाहेर टाकायचे. उतार नाही, पटल नाही, चक्र नाही. ग्लुकोजच्या एका रेणूमागे हाती येतात दोन एटीपी. ऑक्सिजनवर तेच तीसच्या आसपास जातं.

नायट्रेटवर जगणारा जीवाणू मात्र पूर्ण साखळी चालवतो. ऑक्सिजनवर ग्लुकोजच्या एका मोलमागे साधारण २,८७० किलोज्यूल सुटतात, नायट्रेटवर २,७०० च्या घरात, सल्फेटवर साडेचारशेच्या आसपास. वर्गात सांगायचं तर: किण्वन म्हणजे ओझं एका हातातून दुसऱ्या हातात घेणं, विनॉक्सिश्वसन म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उतरवणं.

पाटी_पेन्सिल

दुसऱ्या कुणाच्या तरी दारात! हे उद्याच फळ्यावर जाणार.

अर्धविराम

मी एक विज्ञानकथा लिहितोय, म्हणून हा धागा दोनदा वाचला. माझ्या ग्रहावर वातावरण क्लोरीनचं आहे, हिरवट पिवळं आकाश, आणि मोठे, चालणारे प्राणी क्लोरीन श्वासात घेतात. क्लोरीन ऑक्सिजनपेक्षाही जोरदार आहे ना? मग त्यांना जास्त ऊर्जा मिळायला हवी. उताराच्या हिशेबात हे बसतं का?

मूलद्रव्य

उताराच्या हिशेबात बसतं, तरीही प्राणी उभा राहणार नाही. कारण सांगतो, थोडं लांबेल.

स्वीकारणारा नुसता जोरदार असून भागत नाही, तो सोशिकही लागतो. ऑक्सिजनचं खरं थोरपण त्यात आहे. त्याच्या रेणूत दोन सुटे इलेक्ट्रॉन एकाच दिशेच्या फिरकीचे असतात. सेंद्रिय रेणूंमधले इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. या विजोडामुळे ऑक्सिजनला जोडी एकदम उचलता येत नाही, इलेक्ट्रॉन एकेक करूनच घ्यावे लागतात, आणि साध्या तापमानाला ती गोष्ट फार हळू होते. म्हणून लाकूड हवेत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ठिणगी लागली तरच पेटतं. आपण २१ टक्के ऑक्सिजनात उघड्या अंगाने वावरतो आणि भस्म होत नाही. पेशीच्या आत लोह आणि तांबं बाळगणारं विकर (एन्झाइम) मात्र हा अडसर दूर करतं, आणि हव्या त्या जागी, हवी तितकीच अभिक्रिया घडवतं. दार बंद आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे, अशी ती व्यवस्था आहे.

क्लोरीनचं दार बंदच होत नाही. पाण्यात गेला की त्याचं हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल होतं. ते मेदातल्या दुहेरी बंधांवर आणि प्रथिनांतल्या नायट्रोजनवर तुटून पडतं. पाणी निर्जंतुक करायला आपण तेच वापरतो. शिवाय क्लोरीनचा रेणू उजेडानेच फुटतो. तुमच्या हिरवट पिवळ्या आकाशाखाली दुपारी उघड्यावर कुठलाही सेंद्रिय रेणू टिकणं अवघड. फ्लोरीन तर याहून वाईट, तो खडकांनाही सोडत नाही.

दुसरी अडचण साठ्याची. विश्वात हायड्रोजन आणि हेलियमनंतर सर्वाधिक आढळणारं मूलद्रव्य ऑक्सिजन आहे. क्लोरीन त्याच्या हजारपटींहून कमी. जे आहे ते सोडियमला चिकटून समुद्रात जातं. संपूर्ण वातावरण क्लोरीनने भरायचं तर तो सतत कुणीतरी मोकळा करत राहायला हवा, आणि तो मोकळा झाला की लगेच कशाला तरी चिकटणार.

अर्धविराम

म्हणजे ‘जोरदार पण सोशिक’ असा दुसरा कुणी शोधायला हवा. विचार करतो. सिलिकॉनचे प्राणी तरी?

मूलद्रव्य

कार्बन जळला की वायू होतो आणि आपण तो नाकावाटे सोडून देतो. सिलिकॉनचं ऑक्सिडीकरण झालं की सिलिका होते, म्हणजे वाळू. प्रत्येक उच्छ्वासाला पेशीतून वाळू काढायची. उष्ण ग्रह, वेगळा द्रावक वगैरे घेऊन काही मांडता येईल, पण ऑक्सिजनवर श्वसन करणारा सिलिकॉन-जीव मला तरी पटत नाही. स्वीकारणारा कोण हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्याच्यानंतर जे उरतं ते बाहेर जातं का, हेही.

निळं_रक्त

या चर्चेत रक्त यायलाच हवं! ऑक्टोपसचं रक्त निळं, कारण त्यात तांब्याचं हिमोसायनिन. काही वलयांकित कृमींचं हिरवं, क्लोरोक्रुओरिनमुळे. शेंगदाणा-कृमींचं जांभळट गुलाबी, हिमएरिथ्रिनमुळे. आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातल्या आइसफिशचं रक्त पाण्यासारखं, कारण प्रौढ माशात हिमोग्लोबिनच नाही. त्या थंडगार पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तेवढा पुरतो. हे सगळे पर्यायी श्वसनच म्हणायचे ना?

कर्दम

तुमची उदाहरणं एकेक रत्न आहेत, पण ती वाहतुकीची आहेत. हमाल बदलला, माल तोच. निळ्या रक्तातूनही शेवटी ऑक्सिजनच तंतुकणिकेपर्यंत जातो आणि त्याचं पाणीच होतं. कुपीसारख्या दिसणाऱ्या ॲसिडियन या समुद्री प्राण्यांच्या रक्तात व्हॅनेडियम प्रचंड प्रमाणात साठतो. तो ऑक्सिजन वाहतो असं पूर्वी मानत, पण तो ते काम करत नाही.

या सीमारेषेवरचा माझा सर्वात लाडका प्राणी रिफ्टिया. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ ‘ॲल्विन’ पाणबुडी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपर्यंत गेली आणि तिथलं समृद्ध जीवन पहिल्यांदा दिसलं. त्यात हे दोन मीटरपर्यंत वाढणारे नळीकृमी होते, टोकाला लालभडक पिसारा. तोंड नाही, आतडं नाही. मग खातात काय? १९८१ मध्ये कोलीन कॅव्हनॉ यांनी दाखवून दिलं की त्यांच्या शरीरात एक संपूर्ण अवयव जीवाणूंनी भरलेला आहे आणि ते जीवाणू हायड्रोजन सल्फाइडवर जगतात. रिफ्टियाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही वाहतं, पण वेगवेगळ्या जागी बांधून, म्हणजे दोघं वाटेत एकमेकांना भेटत नाहीत. आपल्याला सल्फाइड विष आहे, कारण ते आपल्या श्वसनसाखळीच्या शेवटच्या विकरालाच बंद पाडतं.

मात्र ‘सूर्याशिवाय जगणारा प्राणी’ असं त्याच्याबद्दल लिहितात ते खरं नाही. तो जो ऑक्सिजन वापरतो, तो वर उजेडात प्रकाशसंश्लेषणातून आलेला आहे.

सांडपाणी_शुद्धी

एरवी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मी सांडपाणी शुद्धीकरणात काम करतो, आणि या धाग्यातला सगळ्यात मोठा पुरावा माझ्या तळहातावर असतो असं म्हटलं तरी चालेल.

१९७७ मध्ये एंगेलबर्ट ब्रोडा या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एक छोटा लेख लिहिला. त्याने ऊर्जेचे आकडे मांडले आणि म्हटलं की निसर्गात दोन प्रकारचे जीव ‘गैरहजर’ आहेत. त्यातला एक म्हणजे अमोनियाला नायट्राइटच्या मदतीने, ऑक्सिजनशिवाय, नायट्रोजन वायूत बदलणारा. आकडे म्हणत होते की ऊर्जा मिळते, म्हणजे कुणीतरी ती घेत असायला हवं. पण असा जीव कुणी पाहिला नव्हता. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला सांडपाण्याच्या एका टाकीत अमोनिया नाहीसा होताना दिसला, तेही ऑक्सिजन नसताना. तोच जीव. आज त्याला अनॅमॉक्स म्हणतात. समुद्रातून हवेत परत जाणाऱ्या नायट्रोजनचा मोठा वाटा याच जीवांचा आहे, आणि आपल्याला तो दिसलाच नव्हता.

त्याच्या पेशीत मध्येच हायड्रॅझिन तयार होतं. होय, रॉकेटच्या इंधनातलं हायड्रॅझिन. ते निसटू नये म्हणून पेशीच्या आत एक स्वतंत्र कप्पा, आणि त्या कप्प्याच्या पटलात शिडीसारखे एकमेकांना जोडलेले कार्बनचे चौकोन असलेले मेद. असे मेद दुसऱ्या कुठल्याच जीवात माहीत नाहीत.

टाकीतून मूठभर गाळ काढला की हे जीव बारीक दाण्यांच्या रूपात हातात येतात, डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. तो लाल रंग त्यांच्या श्वसनसाखळीतल्या लोहयुक्त सायटोक्रोम प्रथिनांचा, म्हणजे आपल्या रक्ताच्या लालीचा चुलतभाऊच. वाढतात अतिशय सावकाश, दुप्पट व्हायला दहा-पंधरा दिवस. एकदा हवेचा पुरवठा चुकून जास्त झाला आणि दाणे फिकट पडले, तेव्हा पुन्हा लाली यायला कित्येक आठवडे लागले. त्या आठवड्यांत मी रोज सकाळी आधी तो रंग बघायला जात असे.

कर्दम

यापेक्षा चांगला प्रतिसाद मी मागू शकलो नसतो. ब्रोडाने जे केलं तेच मला कल्पित जीवांच्या बाबतीत हवं आहे: आधी हिशेब, मग शोध.

शंकेखोर

मग आर्सेनिकवर जगणारे जीवाणू? कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमध्ये सापडले, डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतात, अशी मोठी बातमी आली होती. तीही हिशेबातच बसवली होती की.

मूलद्रव्य

तो दावा टिकला नाही. डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो आला. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की तो जीवाणू आर्सेनिक सहन करतो, पण वाढायला त्याला फॉस्फरसच लागतो आणि डीएनएत आर्सेनिक बसवलेलं नाही. २०२५ मध्ये ‘सायन्स’ने तो लेख मागे घेतला. हिशेबही मुळात प्रतिकूल होता: आर्सेनेटचे बंध पाण्यात फार लवकर तुटतात, त्यावर आनुवंशिक रेणू उभा करणं म्हणजे ओल्या वाळूचा पूल.

वाईट याचं वाटतं की त्या गदारोळात खरी गोष्ट झाकली गेली. आर्सेनिकवर श्वसन करणारे जीव खरे आहेत! १९९४ पासून माहीत आहेत. ते आर्सेनेटला इलेक्ट्रॉन देतात आणि आर्सेनाइट बाहेर टाकतात. मोनो लेकच्या परिसरातल्या उष्ण झऱ्यांत तर आर्सेनाइटपासून इलेक्ट्रॉन घेऊन प्रकाशसंश्लेषण करणारे जीवही आहेत. एक आर्सेनेट करतो, दुसरा ते परत आर्सेनाइट. आपल्याकडचं पाणी आणि ऑक्सिजनचं चक्र, त्यांचं आर्सेनिकचं.

शंकेखोर

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण अजून एक शंका राहतेच. हे सगळे सूक्ष्मजीव. प्राणी ऑक्सिजनशिवाय जगला असं एकतरी उदाहरण?

निळं_रक्त

आहे, आणि मजेदार आहे. क्रूशियन कार्प आणि गोल्डफिश. तळ्यावर बर्फ साचला की खाली ऑक्सिजन संपतो. क्रूशियन कार्प तशा पाण्यात महिनोनमहिने राहतो. लॅक्टिक आम्ल साठून तो मेला असता, पण त्याचे स्नायू त्याचं इथेनॉल करतात आणि ते कल्ल्यांतून पाण्यात निघून जातं. २०१७ मध्ये कळलं की यासाठी त्याच्याकडे एका नेहमीच्या विकराची दुसरी, बदललेली प्रत आहे. हे किण्वन झालं, श्वसन नव्हे, वर कर्दम यांनी सांगितल्याप्रमाणे.

आणि हेनेगुया साल्मिनिकोला. सॅमन माशाच्या मांसात राहणारा, दहापेक्षाही कमी पेशींचा परजीवी, जेलीफिशच्या कुळातला. २०२० मध्ये डोरोथी हुशोन यांच्या गटाने दाखवलं की त्याच्याकडे तंतुकणिकेचा डीएनएच उरलेला नाही. ऑक्सिजनवर श्वसन करण्याची यंत्रणा त्याने टाकून दिली आहे. प्राण्यांत असं उदाहरण पहिल्यांदाच मिळालं.

कर्दम

यात एक भर. स्वित्झर्लंडच्या झुग सरोवरात, खोल, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात एक केसाळ एकपेशीय जीव राहतो. त्याच्या पोटात एक जीवाणू कायमचा वस्तीला आहे, आणि तो नायट्रेटवर श्वसन करून ऊर्जा मालकाला देतो. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्या तंतुकणिकाही कधीकाळी अशाच वस्तीला आलेल्या जीवाणू होत्या, पण ऑक्सिजनवाल्या. इथे तीच गोष्ट नायट्रेटवाल्याबरोबर दुसऱ्यांदा घडते आहे.

तारांगण

टायटनचं कुणी बोललं नाही अजून. शनीचा चंद्र, उणे १७९ अंश सेल्सिअस, मिथेनची तळी. २००५ मध्ये ‘ह्यूजेन्स’ यान तिथे उतरलं. त्याच वर्षी ख्रिस मॅके आणि हेदर स्मिथ यांनी हिशेब मांडला: तिथला जीव हायड्रोजन घेईल, ॲसिटिलीनशी त्याचा संयोग करेल आणि मिथेन सोडेल. ॲसिटिलीनच्या एका मोलमागे ३३४ किलोज्यूल. पृथ्वीवरचे मिथेन बनवणारे जीव याहून बऱ्याच कमी ऊर्जेत संसार करतात.

मला यात वेड लावणारी गोष्ट वेगळीच आहे. आपण इलेक्ट्रॉन खातो आणि ते ठेवायची जागा श्वासात घेतो. टायटनवर ते उलट आहे. तिथे इलेक्ट्रॉन हवेत आहेत, हायड्रोजनच्या रूपात, आणि ठेवायची जागा जमिनीवर पडलेली आहे. तो जीव आपलं अन्न श्वासात घेईल आणि आपला ‘ऑक्सिजन’ चघळेल.

अडचणीही सांगते. त्या थंडीत अभिक्रिया रखडतात. द्रव पाणी नाही, म्हणून आपल्यासारखं मेदाचं पटलही नाही. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने ॲक्रिलोनायट्राइलचं पटल संगणकावर उभं केलं, २०१७ मध्ये तो रेणू टायटनवर आढळलाही, पण २०२० च्या गणिताने दाखवलं की तसं पटल तिथे आपणहून जुळून येणार नाही. टायटनकडे जाणारं ‘ड्रॅगनफ्लाय’ यान २०२८ मध्ये निघायचं ठरलं आहे, त्याची वाट बघतेय.

कर्दम

अन्न श्वासात आणि ऑक्सिजन चघळायचा! तारांगण, हे वाक्य मी जपून ठेवणार.

आता थोडं परत माझ्या चिखलाकडे. बरणीच्या शेजारी दुसरी बरणी ठेवली आहे, तिच्यात ग्रॅफाइटच्या दोन चकत्या. एक गाळात पुरलेली, दुसरी वरच्या पाण्यात तरंगती, दोघींना तारा. पहिले काही दिवस मीटरचा आकडा शून्याजवळ लुकलुकत होता. दुसऱ्या आठवड्यात तो चढायला लागला आणि काल रात्री ०.४१ व्होल्ट दिसला. गाळातल्या जीवाणूंना पुरलेली चकती म्हणजे इलेक्ट्रॉन ठेवायला मिळालेली नवी जागा. ते तिच्यावर श्वसन करत आहेत. त्यांच्या बाजूने पाहिलं तर मी त्यांना एक खडक दिला आहे.

हे जीव खडकावर कसे श्वास घेतात? खडक पेशीत शिरत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनच बाहेर न्यावे लागतात. शेवानेला हा जीवाणू हे १९८८ मध्ये मँगनीजच्या ऑक्साइडवर करताना आढळला, न्यूयॉर्क राज्यातल्या वनायडा सरोवरातून. जिओबॅक्टर हा दुसरा जीवाणूही त्याच सुमारास लोहाच्या ऑक्साइडवर. जिओबॅक्टर बाहेर तारा सोडतो. त्या तारा म्हणजे केसांसारखी पिली असं बरीच वर्षं मानत होते. २०१९ मध्ये कळलं की त्यातल्या निदान काही तारा सायटोक्रोम प्रथिनं एकापुढे एक रचून बनलेल्या आहेत, आत हीमची, म्हणजे लोह धरणाऱ्या रेणूंची, माळ.

सर्वात थक्क करणारे केबल जीवाणू. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातल्या लार्स पीटर निल्सेन यांना गाळात विजेचा प्रवाह असल्याची चिन्हं दिसली. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि दोन वर्षांनी तार कोण ते कळलं: हजारो पेशींचा एकच धागा, सेंटिमीटरच्या मापाचा. खालच्या पेशी गाळातल्या सल्फाइडमधून इलेक्ट्रॉन काढतात, ते धाग्यातून वर जातात, आणि वरच्या पेशी ऑक्सिजनला देतात. २०२० मध्ये दिसलं की वरच्या, ऑक्सिजनमध्ये असलेल्या पेशी वाढत नाहीत. वाढतात त्या खालच्या. मूठभर पेशी वर उभ्या राहून बाकी सगळ्यांसाठी श्वास घेतात.

अर्धविराम

चार दिवस या धाग्यावर विचार केला. प्राणी नव्याने मांडतो, सांगा कुठे फाटतोय.

क्लोरीन टाकला. मूलद्रव्य यांनी सोशिक स्वीकारणारा शोधायला सांगितलं होतं, तर मी पर्क्लोरेट (क्लोरीन आणि ऑक्सिजन एकत्र बांधलेला आयन) घेतला. २००८ मध्ये ‘फीनिक्स’ यानाला मंगळाच्या मातीत तो सापडला होता, असं वाचलं. माझा ग्रह थंड आणि कोरडा, सखल भागात पर्क्लोरेटचं खारं पाणी, जे कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. प्राणी खोल भेगांमध्ये चरतो. तो श्वास घेत नाही, पितो.

मूलद्रव्य

हा उभा राहतो! पर्क्लोरेट जोरदार आहे आणि पाण्यात वर्षानुवर्षं शांत पडून राहतो. पृथ्वीवर त्याच्यावर श्वसन करणारे जीवाणू आहेत, आणि त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पर्क्लोरेटचा क्लोरेट, त्याचा क्लोराइट, आणि मग एक विकर क्लोराइट फोडून क्लोराइड आणि ऑक्सिजन मोकळा करतं. अंधारात, पेशीच्या आत. तोच ऑक्सिजन ती पेशी लगेच वापरते. मॅग्नेशियम पर्क्लोरेटचं योग्य तीव्रतेचं द्रावण उणे ६० अंशांच्याही खाली द्रव राहतं, म्हणजे तुमची थंडीही बसते. फक्त खातो काय, ते सांगा.

अर्धविराम

भेगांमधून झिरपणारा हायड्रोजन आणि मिथेन वापरणारे जीवाणूंचे थर. ते चरतो.

कर्दम

छान. आता त्याला एक पिशवी द्या. थिओमार्गारिटा नामिबिएन्सिस हा जीवाणू नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळात राहतो, पाऊण मिलिमीटरपर्यंत मोठा, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्या पेशीचा जवळजवळ सगळा भाग नायट्रेटच्या साठ्याने भरलेला असतो. ताजं पाणी येईल तेव्हा भरून घ्यायचं आणि पुढे त्यावर महिने काढायचे.

हिशेब करून पाहिला. एक लिटर हवेत साधारण ९ मिलिमोल ऑक्सिजन, प्रत्येक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजे जागा झाली ३५ मिलिमोलच्या आसपास. पर्क्लोरेटचा एक आयन आठ इलेक्ट्रॉन घेतो. एक मोलार द्रावणाच्या एका लिटरमध्ये जागा ८ मोलची. हवेच्या दोनशेपटींहून जास्त. तुमच्या प्राण्याला फुप्फुसं नकोतच. सखल भागात उतरून पोटभर प्यायचं, आणि मग कित्येक दिवस कोरड्या पठारावर श्वास न घेता चालायचं.

मिथेनचा कार्बन खात असेल तर कार्बन डायऑक्साइड मात्र सोडावाच लागेल, ते विसरू नका. त्यासाठी त्वचेवर कुठेतरी ओलसर जागा ठेवा.

अर्धविराम

ठेवतो, गळ्याखाली. आणि क्लोराइड? दिवसभर चालला तर बरंच साठेल.

कर्दम

पाठीवर येऊ द्या, मिठाच्या पापुद्र्याने. तिथे ऊन लागतं. पापुद्रे सुटून धुळीत मिसळतील, वारा ती पठारावर पसरेल. खनिजांच्या कणांवर पडलेल्या क्लोराइडवर अतिनील किरण पडत राहिले तर त्याचं पुन्हा पर्क्लोरेट होतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. वर्षानुवर्षांनी कधीतरी पाणी वाहील आणि ते सगळं परत सखल भागात नेऊन सोडेल.